नुसता बघायला

फाटकाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात प्लॅस्टिकची बादली होती. तळाशी चिल्लर, वर पाच पौंडांची एक ओली नोट. क्लबच्या लहान मुलांच्या संघाच्या बसभाड्यासाठी पैसे गोळा करत होता. मी खिशातलं दोन पौंडांचं नाणं टाकलं, तसं त्यानं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सभासद का?" मी म्हणालो, "नाही, नुसता बघायला आलोय." त्याला त्यात काही वावगं वाटलं नसावं. "मग बघा की. सावकाश बघा," म्हणाला आणि माझ्यामागच्या माणसाकडे वळला. एवढंच झालं. पण संध्याकाळी परतीच्या बसमध्ये काचेवरचे पावसाचे ओघळ बघत बसलो होतो, तेव्हा माझंच वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. बोललो होतो इंग्रजीत. ऐकू आलं ते मराठीत, आणि आबांच्या आवाजात.

आबा म्हणजे माझे वडील. ते ज्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते त्याच्या वार्षिक सभेहून परत आले की पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणायचे, "निम्मी माणसं नुसती बघायला येतात."

मॉस्टन मँचेस्टरच्या ईशान्येला आहे. शहरातून पिवळ्या बसनं निघालं की उंच काचेच्या इमारती मागे पडतात आणि लाल विटांची एकमेकांना चिकटलेली घरं सुरू होतात. गिरण्यांच्या काळातल्या वस्तीचा तोंडवळा अजून पुसला गेलेला नाही. तिथे ब्रॉडहर्स्ट पार्क नावाचं एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टरचं मैदान आहे. मँचेस्टर युनायटेड विकलं गेलं तेव्हा ते सोडून आलेल्या चाहत्यांनी स्वतः काढलेला आणि स्वतःच चालवलेला हा फुटबॉल क्लब. कार्यालयातल्या एका सहकाऱ्यानं दोन वर्षं मागे लागून मला तिथे नेलं. सप्टेंबरातली शनिवारची दुपार, तीनचा सामना, भुरभुर पाऊस. तळलेल्या बटाट्यांवर घातलेल्या व्हिनेगरचा वास, ओल्या लोकरीच्या मफलरींचा वास. पायऱ्यांवर उभे राहून हजार-दीड हजार माणसं गातायत, काहींच्या हातात बिअर. इंग्लिश लीगच्या उतरंडीत वरच्या पाच पायऱ्यांवरच्या क्लबांत मैदान दिसेल अशा जागी बिअर पिता येत नाही, १९८५ चा कायदा आहे तसा. हा क्लब त्या दिवशी सातव्या पायरीवर खेळत होता. खेळाडू इतके जवळ होते की घसरून चेंडू काढताना चिखल फाटल्याचा आवाज यायचा. खेळाडूंच्या छातीवर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं, नुसता लाल सदरा. बघायची सवय नसल्यामुळे असेल, पहिली दहा मिनिटं मला तो सदरा अर्धवट शिवल्यासारखा वाटत राहिला.

मी युनायटेडचा. म्हणजे मोठ्या, ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच्या मँचेस्टर युनायटेडचा. ते झालो ती तारीखही सांगता येते. २६ मे १९९९, म्हणजे आपल्याकडे २७ मे उजाडून गेला होता. पुण्यातल्या वसतिगृहात परीक्षेच्या दिवसांत सामायिक खोलीतल्या एका टीव्हीसमोर चाळीसेक मुलं, पंखा बंद पडलेला, उघड्या खिडकीतून डास. बार्सिलोनात बायर्न म्युनिकविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. नव्वद मिनिटं संपली तेव्हा युनायटेड एक गोलनं मागे होतं. आधी शेरिंगहॅम, मग सोल्शायर, दोन्ही गोल भरपाईच्या वेळेत. रखवालदार काठी आपटत वर आला तोवर आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो होतो. त्यानंतर कॅम्पातल्या फुटपाथवरून सदरा घेतला, पहिल्या पगारातून खरा घेतला, पुढे मुलाला घेतला. नोकरीनं मला मँचेस्टरला आणलं तेव्हा विमानतळावरून घरी जाताना टॅक्सीवाल्याला मी विचारलं होतं, वाटेत ते मैदान दिसेल का. ते प्रेम खोटं नव्हतं, आजही नाही.

मॉस्टनच्या पायऱ्यांवर उभा असताना मात्र एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली आणि ती मला आवडली नाही. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं युनायटेड विकत घेतलं. व्यवहार सुमारे ७९ कोटी पौंडांचा, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलेलं. पाहुण्यानं घर विकत घ्यावं आणि त्याचे हप्ते घरातल्यांनी भरावेत, तसं. पण कर्ज देणाऱ्यांना हे कर्ज फिटेल असा भरवसा कशाच्या जोरावर आला असेल? मॉस्टन किंवा सॅलफर्डच्या माणसांच्या तिकिटांवर तर नक्कीच नाही. तो आला जगभरच्या माझ्यासारख्यांच्या जोरावर. पुण्यात, जाकार्तात, लागोसमध्ये रात्री जागणारे, दरवर्षी नवा सदरा घेणारे. या माणसांना ज्या हिशेबानं घर सोडावं लागलं, त्या हिशेबातला एक आकडा मी होतो. कोणी माझं मत विचारलं नव्हतं, हे खरं. मीही कधी काही विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मध्यंतरात तो बादलीवाला म्हातारा चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन टेकला. नाव त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ओल्ड ट्रॅफर्डला तो सहा वर्षांचा असल्यापासून जायचा, आधी बापाच्या खांद्यावर, मग बापाशेजारी, बाप गेल्यावर भावाबरोबर. २००५ च्या उन्हाळ्यात त्यानं हंगामाचं तिकीट परत केलं. भावानं ठेवलं. आजही दोघे रविवारी एका टेबलावर जेवतात, पण जेवताना फुटबॉलचं नाव काढायचं नाही असं वहिनीनं बजावलंय. मी विचारलं, चुकतं का काही? तो थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिला. म्हणाला, दर मोठ्या सामन्याच्या रात्री चुकतं. मग म्हणाला, सोडून आलो ते प्रेम आटलं म्हणून नव्हे. पुढे काही बोलला नाही, चहाचा कागदी कप चेपून खिशात घातला.

चेपलेला कप खिशात घालणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

त्या उन्हाळ्यात या लोकांनी काय काय केलं ते मी नंतर वाचून काढलं. सभा भरवल्या. क्लबला नाव काय द्यायचं यावर मतदान घेतलं. 'ए. एफ. सी. मँचेस्टर १८७८' आणि 'मँचेस्टर सेंट्रल' ही नावंही यादीत होती. १८७८ म्हणजे न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी संघ काढला ते साल. त्याच संघाचं पुढे मँचेस्टर युनायटेड झालं, आणि न्यूटन हीथ मॉस्टनला लागूनच आहे. जुनं घर सोडलेली माणसं आजोबांच्या गल्लीत परत येऊन राहिली, असं म्हणायला हरकत नाही. १३ ऑगस्ट २००५ ला लीकमध्ये लीगचा पहिला सामना झाला, तो ५-२ असा जिंकला. लागोपाठ तीन वर्षं एकेक पायरी वर चढले. स्वतःचं मैदान नव्हतं, म्हणून बरीच वर्षं बरी या गावच्या क्लबच्या गिग लेन मैदानावर भाड्यानं खेळले. मग सभासदांनी आणि हितचिंतकांनी समाजभाग (क्लबचे शेअर) म्हणून सुमारे २० लाख पौंड जमवले, बाकीची जुळवाजुळव केली आणि ब्रॉडहर्स्ट पार्क बांधलं. २९ मे २०१५ ला पहिला सामना पोर्तुगालच्या बेन्फिकाच्या 'ब' संघाशी. १९६८ साली युनायटेडनं याच तारखेला बेन्फिकाला हरवून युरोपियन चषक जिंकला होता. २०१५ ला बेन्फिका १-० नं जिंकलं. त्या हरण्याचं कोणाला काही वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

हे वाचताना मी थांबलो तो एका साध्या नियमापाशी. भाग एक पौंडाचा असो वा हजारांचा, मत एकच. एक सभासद, एक मत. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, इंग्लंडात यायच्या कितीतरी आधी, कृष्णाकाठच्या आमच्या गावात. आबांच्या ट्रंकेत कापडी पिशवीत गुंडाळून ठेवलेलं कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट होतं. सातबारा, आजीचे चांदीचे वाळे आणि ते सर्टिफिकेट, या तीनच गोष्टी त्या ट्रंकेत असायच्या. आमचा ऊस दीड एकर. गावात साठ एकरवालेही होते. आबा म्हणायचे, सभेत त्यांचा हात आणि माझा हात सारखाच. हे म्हणताना ते खरोखरच हात वर करून दाखवायचे.

मॉस्टनपासून बसच्या अंतरावर रॉचडेल आहे. तिथे टोड लेन नावाच्या गल्लीत २१ डिसेंबर १८४४ ला २८ जणांनी, विणकरांनी आणि इतर कारागिरांनी, एकेक पौंड घालून दुकान उघडलं. पीठ, लोणी, ओट, मेणबत्त्या आणि साखर. भेसळ नाही, माप खरं, नफा सभासदांत वाटायचा, आणि मत प्रत्येकाला एक. आज तिथे संग्रहालय आहे. त्या बुटक्या खोलीत उभा असताना लाकडी काउंटरवरचा तराजू बघून मला एकदम आबांची आठवण झाली होती, का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी जे उभं केलं, त्याचं मूळ शोधत गेलं तर एक धागा या गल्लीपर्यंत येतो. रॉचडेलच्या विणकरांनी साखर विकली, आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी ती केली.

आणि त्याच रॉचडेलमध्ये एफ. सी. युनायटेडच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उजाडला. ५ नोव्हेंबर २०१०, लहानमोठे सगळे क्लब खेळतात त्या एफ. ए. चषकाची पहिली फेरी. रॉचडेलचा संघ चार पायऱ्या वरचा. एफ. सी. युनायटेड २-० नं पुढे गेलं, मग २-२ झालं, आणि भरपाईच्या वेळेत माईक नॉर्टननं गोलरक्षकाच्या हातातला चेंडू सोडवून तिसरा गोल केला. तो नियमात बसत होता का, यावर रॉचडेलची माणसं आजही भांडतील. पुढच्या फेरीत ब्रायटनला जाऊन १-१ बरोबरी केली आणि घरच्या फेरसामन्यात चार गोलनं हरले. म्हाताऱ्यानं हे सगळं मला सांगितलं तेव्हा मी मनात तारीख ताडून पाहिली. इंग्लंडात ५ नोव्हेंबरला फटाके उडतात. त्या वर्षी त्याच दिवशी आपलं लक्ष्मीपूजन होतं. मी गावी होतो. आबा सायकलच्या कॅरियरला बांधून सभासदांची सवलतीची साखर घेऊन आले होते, आई त्या साखरेचे करंज्यांसाठी डबे भरत होती. पोत्याच्या तागाला कारखान्याच्या मळीचा एक उग्र, गोडसर वास असायचा. घरातली सगळी दिवाळी त्या वासाची असायची. इकडे रॉचडेलला माणसं कुंपणावरून मैदानात उड्या मारत होती.

सभेचं मात्र मला वेगळंच आठवतं. मी दहावीत असताना आबा मला बरोबर घेऊन गेले. कारखान्याच्या आवारात मांडव, कर्ण्यातून देशभक्तीची गाणी, पुढच्या रांगेत सोफे, मागे सतरंज्या. अहवालातला एकेक विषय वाचला जायचा आणि वाचणाऱ्याचा आवाज संपायच्या आत मांडवभर "मंजूर, मंजूर" व्हायचं. काही आवाज ठरवून पेरलेले होते, हे मला त्या वयातही कळलं. आबा उठले. ऊस मोजायच्या काट्याबद्दल त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. त्यांनी तो आठ दिवस आधी लेखी दिला होता, कारण सूचनापत्रात तसं छापलेलं असतं. त्यांचं अर्धं वाक्य झालं आणि कोणीतरी ओरडलं, "बसा खाली." मग चहूकडून मंजूर, मंजूर. आबा बसले नाहीत. वाक्य पूर्ण केलं, ते कोणालाच ऐकू गेलं नाही, मग बसले. त्यांच्या शेजारी बसलेला मी लाजेनं सतरंजीचे धागे उपटत होतो. लाज आबांची वाटत होती. ओरडणाऱ्यांची नव्हे, आबांची. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतरही ते दर वर्षी गेले. अहवालाची पुस्तिका आली की दिवसभर पेन्सिल घेऊन बसायचे आणि समासात प्रश्नचिन्हं काढायचे.

मॉस्टनला सगळं गोड चाललंय असं कोणी समजू नये. तिथेही सभा तापतात. २०१६ मध्ये कारभारावरून, सभासदांपासून काय दडवलं यावरून एवढं पेटलं की क्लबचा महाव्यवस्थापक आणि मंडळातली बरीच माणसं पायउतार झाली. जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. संघ २०१९ मध्ये एक पायरी खाली आला, आणि माणसांनी भरलेलं मैदान हे दर आठवड्याचं दृश्य राहिलेलं नाही. स्वतःचं मैदान म्हणजे स्वतःचं कर्ज, स्वतःची गळती, स्वतःचं वीजबिल. भिंतीवर 'मैत्री जोडू, कोट्यधीश घडवणार नाही' अशा अर्थाचा फलक लावून सेंटर फॉरवर्डचा पगार भागत नाही. तरी तिकिटाचा दर, सदऱ्याचं चित्र, मंडळात कोण बसणार, हे ते अजूनही हात वर करून ठरवतात. हंगामाच्या तिकिटाला ठरावीक किमान रक्कम असते, त्यापुढे ज्याला जमेल तेवढं त्यानं द्यायचं. मला यात भाबडेपणा दिसत नाही. एवढी भांडणं करूनही माणसं पुढच्या शनिवारी पायऱ्या झाडायला येतात, याला भाबडेपणा म्हणायची माझी तयारी नाही.

आणि दुसऱ्या बाजूला काय होतं तेही इथेच, हाकेच्या अंतरावर दिसलं. ज्या बरीच्या मैदानावर ही माणसं भाडेकरू होती, तो १८८५ चा क्लब, दोनदा एफ. ए. चषक जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरात एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगमधून हाकलला गेला. एक पौंड. टोड लेनच्या एका विणकराच्या भागाएवढी रक्कम. हाकलला जायच्या थोडं आधी बरीची माणसं खुर्च्या पुसायला, गवत काढायला रांग लावून आली होती, कदाचित सामना होईलच म्हणून. झाला नाही. पुढे त्यांना आपलं मैदान आणि आपला क्लब परत मिळवायला वर्षं लागली.

आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. वारसनोंद करून शेअर माझ्या नावावर झाला, सही करायला मी खास रजा काढून गेलो होतो. त्यानंतर एकाही सभेला गेलेलो नाही. कारखाना आता दुसऱ्या कोणीतरी भाड्यानं चालवायला घेतलाय. तो ठराव कधी झाला ते मला चुलतभावाकडून कळलं, झाल्यावर दोन वर्षांनी. मी तेव्हा फोनवर खूप संतापलो होतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तू सभासद आहेस ना? मी तर नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मला काहीतरी करता येण्यासारखं होतं.

त्या शनिवारी एफ. सी. युनायटेड शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाऊन हरलं. कोणी उठून गेलं नाही. म्हातारा बादली आता रिकामी करून तिच्यात पायऱ्यांवरचा कचरा गोळा करत होता. मला बघून त्यानं हात केला आणि विचारलं, "बघितलंत?" मी मान डोलावली. पुढचा घरचा सामना कधी आहे ते त्यानं सांगितलं, सभासदत्वाचा विषय काढला नाही. मीही नाही.

बसमधूनच चुलतभावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा-अकरा झालेले, तो झोपेतून उठला. विचारलं, यंदाचा अहवाल आला का? म्हणाला, आलाय, माळ्यावर टाकलाय, आबांच्या जुन्या गठ्ठ्यात. सूचनापत्राच्या पानाचा फोटो काढून पाठव म्हटलं. "आत्ता?" म्हणाला, पण उठला. तो शिडी लावत असल्याचा आवाज आला, काकू कोण आहे म्हणून विचारत होती. मग फोटो आला. पिवळट कागद, एका कोपऱ्यात त्याचा अंगठा. विषयपत्रिकेत नेहमीचेच विषय, शेवटी मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. त्याखाली बारीक अक्षरातल्या दोन टिपा, ज्या मी आबांच्या मांडीवर बसून अक्षरं लावायला शिकताना वाचल्या असतील आणि ज्यांच्याकडे परत कधी बघितलं नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. आणि दुसरी, ज्या सभासदांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी ते सभेपूर्वी आठ दिवस लेखी कळवावेत.

सभेची तारीख वर होती. मी बोटांवर मोजले. दहा दिवस उरले होते. चुलतभाऊ अजून फोनवर होता. मी म्हटलं, "तुझ्याकडे पेन आहे का जवळ? मी सांगतो तसं लिहून घे."

"पेन्सिल आहे," तो म्हणाला. "इथं गठ्ठ्यातच होती."